क्ष-किरणांचे काम आणि रक्ताचा कर्करोग

शेतीवर घर भागत नाही म्हणून आपल्या शेतकरी कुटुंबांतील मुले-मुली नोकरी धरतात. कोणी अंबरपेठेतील दवाखान्यात क्ष-किरण विभागात लागतो, तर कोणी मौला अलीच्या बाजूला, १९७१ साली स्थापन झालेल्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये जातो. मग घरची वडीलधारी मंडळी विचारतात, "या कामाने रक्ताचा कर्करोग होतो म्हणतात, ते खरे काय?"

प्रश्न रास्त आहे. आपले रक्त हाडांतील मगजात तयार होते. क्ष-किरण किंवा किरणोत्सर्ग तेथील पेशींना इजा करू शकतो. बहुतेक इजा शरीर स्वतः दुरुस्त करते. पण हरळीची एखादी काडी शेतात राहावी, तशी एखादी बिघडलेली पेशी मागे राहते आणि काही वर्षांनी फोफावते. यालाच ल्युकेमिया म्हणतात.

पूर्वी ही काळजी कोणी घेत नसे. क्ष-किरणांचे काम करणाऱ्या डॉक्टरांत हा रोग इतर डॉक्टरांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे १९४४ साली अमेरिकेत दिसून आले. आता नियम कडक आहेत, तरी धोका शून्य नाही. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिकेतील ३,०८,२९७ अणुउद्योग कामगारांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. ल्युकेमियाचा एक प्रकार वगळता त्यांत या रोगाने ५३१ मृत्यू झाले होते. एकूण मात्रा १०० मिलिसिव्हर्ट झाली, तर धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दहाच्या जागी तेरा, असा त्याचा हिशेब निघतो. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणून नोकरी सोडण्याचे कारण नाही, पण हयगय करण्याचेही नाही.

आपल्या देशात कामगारासाठी मर्यादा पाच वर्षांत १०० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. ती पाळली जाते की नाही, हे छातीवर लावायच्या बिल्ल्यावरून कळते. पर्जन्यमापक पाऊस अडवत नाही, नुसता मोजतो. बिल्ल्याचेही तसेच आहे. काहीजण तो टेबलाच्या खणात ठेवतात. त्याने मात्रा कमी होत नाही, फक्त पुरावा नाहीसा होतो.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. बिल्ला कामाच्या वेळी रोज लावावा. शिशाचा एप्रन असल्यास त्याच्या आत.

२. किरणांजवळ कमीत कमी वेळ थांबावे. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. भिंतीचा किंवा शिशाचा आडोसा घ्यावा.

३. रोग्याला धरण्याचे काम रोज एकाच कामगाराने करू नये.

४. युरेनियमच्या कामात धूळ पोटात वा छातीत जाऊ नये म्हणून मुखपट्टी लावावी, हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

५. दिवस गेल्याचे कळताच बहिणींनी वरिष्ठांना सांगावे.

६. सतत थकवा, फिकटपणा, वरचेवर ताप, हिरड्यांतून रक्त, मार न लागता काळेनिळे डाग, अशी लक्षणे दिसल्यास रक्त तपासून घ्यावे. ती इतर आजारांतही दिसतात. पण डॉक्टरांना आपले काम काय, हे अवश्य सांगावे.

शरीर ही देवाने दिलेली ठेव आहे. तिचा हिशेब ठेवणे म्हणजे अविश्वास नव्हे. आईबापांनो, मुलगा पगार घेऊन घरी आला की पगाराचा आकडा जसा विचारता, तसा दर तीन महिन्यांनी बिल्ल्याचा आकडाही विचारा. तो आकडा जाणून घेणे हा त्याचा हक्क आहे.