हलत्या चित्राला ठिपके किती?

श्रोतेहो, ठिपक्यांची रांगोळी आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. ओळीत १० ठिपके आणि अशा १० ओळी काढल्या, की ठिपके होतात १००. आता दोन्ही बाजू दुप्पट करा. ठिपके २०० नव्हे, ४०० होतात! घरच्या लेकीसुनांना हा हिशोब पाठ असतो. संगणकावर ॲनिमेशन करणारा मात्र तो हमखास विसरतो.

समजा, एखाद्या गुरुजींनी चंद्राच्या कलांवर एक मिनिटाचे हलते चित्र योजले आहे. ब्लेंडर हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्यासाठी चांगला. चंद्र, पृथ्वी, सूर्याचा उजेड असं सगळं मांडून झालं, की संगणक एकेक चित्र रंगवीत बसतो. यालाच रेंडर करणे म्हणतात. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर मिनिटाची झाली १,५००. प्रत्येक चित्रात आडवे ठिपके किती आणि उभे किती, हे आधी ठरवावे लागते. तेच रेझोल्यूशन.

फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, एका चित्रात वीस लाखांवर ठिपके. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, बरोबर चौपट. प्रत्येक ठिपक्यासाठी उजेडाचा हिशोब करायचा, म्हणून वेळही साधारण चौपट लागतो. फुल एचडीचे एक चित्र दोन मिनिटांत होत असेल, तर सारे काम ५० तासांचे. हट्टाने फोर-के घेतले तर २०० तास, म्हणजे आठ दिवसांहून जास्त. तेवढ्यात वीज किती वेळा जाईल, ते तुम्हीच सांगा!

तेव्हा चित्र कुठे दाखवायचे, ते अगोदर पाहावे. शाळांतले कितीतरी जुने प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे असतात. जादा ठिपके तिथे वायाच जातात. अशा ठिकाणी १२८० बाय ७२० पुष्कळ झाले, आणि काम २२-२३ तासांत उरकते. मोठा टीव्ही असेल, किंवा पुढे चित्राचा एखादा भाग मोठा करून दाखवायचा असेल, तर मात्र फुल एचडी घ्यावे. लहान चित्र मागाहून ताणले तर ते पसरते, पण त्यात नवा बारकावा येत नाही. अक्षरे तर ठळकच हवीत. मागच्या बाकावरून न दिसणारं अक्षर फोर-केनं काही मोठं होत नाही.

सगळे रेंडर करण्याआधी एकदा निम्म्या मापाने करून पाहा. ब्लेंडरमध्ये रेझोल्यूशनखाली टक्केवारी असते, ती ५० ठेवावी. ठिपके पावपट, वेळही पाव. शुक्ल पक्षातला चंद्र उलट बाजूने उजळला असेल, तर ते इथेच कळते.

आणि थेट व्हिडिओची फाइल करू नये. प्रत्येक चित्र सुटे साठवावे, शेवटी जोडावे. ९०० चित्रे होऊन वीज गेली, तर पुन्हा ९०१ पासून काम सुरू करता येते.