गादी, झाडू आणि मल्टिप्लायर

"अहो, खरेदी कसली? एक गादी आणि एक झाडू!" कोथरूडहून न्यू जर्सीत राहायला आलेल्या काकूंचं हे उत्तर. आमच्या कचेरीला 'नवं घर थाटताना झालेला खर्च' हा रकाना भरायचा होता. काकूंनी कुकर, कढया, पोळपाट-लाटणं, वर्षाचा काळा मसाला, सगळं विमानातून आणलेलं. आमच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञ साहेबांनी ते ऐकलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "म्हणजे शंभर टक्के गळती."

गळती म्हणजे ज्या भागाचा हिशेब मांडायचा, तिथे न थांबता बाहेर गेलेला पैसा. आमच्या धंद्यातला रोजचा शब्द.

धंदा ईबी-५ चा. पैसे गुंतवून ग्रीन कार्ड मिळवायची ही वाट १९९० च्या कायद्याने उघडली. २०२२ च्या दुरुस्तीपासून रक्कम साडेदहा लाख डॉलर; ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात आठ लाख. मुख्य अट कडक: प्रत्येक गुंतवणूकदारामागे अमेरिकेत किमान १० पूर्णवेळ नोकऱ्या. पैसा रिजनल सेंटर म्हणजे अनेकांची गुंतवणूक एकत्र करणाऱ्या सरकारमान्य संस्थेमार्फत गेला तर त्यातल्या नऊपर्यंत नोकऱ्या मॉडेलने मोजून दाखवता येतात. सरकारी 'रिम्स टू' किंवा खासगी 'इम्प्लान' हे मॉडेल घ्यायचं, बांधकामाचा खर्च आत टाकायचा, मल्टिप्लायर, म्हणजे एका डॉलरच्या खर्चातून पुढे किती उलाढाल होते तो गुणक, लावायचा, नोकऱ्या बाहेर पडतात.

आता यातली गंमत बघा. हॉटेलच्या बांधकामावरचा गवंडी पगारातून पिझ्झा खातो, मुलीला बूट घेतो, त्याने निर्माण झालेली नोकरी दहाच्या हिशेबात चालते. ज्याच्या पैशावर हॉटेल उभं राहिलं त्याने तोच पिझ्झा खाल्ला तर ती चालत नाही. त्याच्या बायको-मुलांना प्रकल्पात कामाला लावलं तरी चालत नाही. कायद्याला मतलब गुंतवलेल्या भांडवलाशी. गुंतवणूकदाराच्या स्वयंपाकघराशी नाही.

मग घरखर्चाचा रकाना कशाला? तो लागतो वेगळ्या अहवालांना. ही योजना देशाच्या फायद्याची आहे हे संसदेला आणि वर्तमानपत्रांना पटवायचं असतं. तिथे घरखर्च, सामान हलवणं, वकिलाची फी, विमानाची तिकिटं असं सगळं मांडलं जातं. आकडा टपोरा दिसतो.

तो टपोरा आकडा आत कसा आक्रसतो, ते मात्र पडद्यामागेच दिसतं. एका कुटुंबाने नऊ लाखांचं जुनं घर घेतलं. नवखा माणूस नऊ लाख खर्चात टाकून मोकळा होईल. आमच्याकडे तो आकडा ताबडतोब खोडला जातो, कारण घर होतंच, फक्त मालक बदलला. धरायची फक्त दलाली, वकील, रंगारी, नवा पडदा. गाडीचं तसंच: कारखाना परराज्यात किंवा परदेशात, त्यामुळे तिथे राहतो डीलरचा नफा आणि थोडं वाहतुकीचं भाडं. तांदळाच्या पोत्याचंही तेच. एडिसनच्या ओक ट्री रोडवर घेतलेला बासमती शेवटी आपल्याच बाजूचा, दुकानदाराचा नफा तेवढा तिथला. खरा पैसा गावात मुरतो तो दातांच्या डॉक्टरकडे, प्लंबरकडे, मुलांच्या पियानोच्या बाईंकडे. सेवा बोटीतून येत नाही ना!

यापुढचा प्रश्न साहेबांनाही आवडायचा नाही. ईबी-५ ला अर्ज करणारे कितीतरी भारतीय आधीपासून अमेरिकेतच एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहत असतात. ग्रीन कार्डाच्या रांगेला कंटाळून ही वाट धरतात. २०२२ पासून काहींना अमेरिकेत बसूनच गुंतवणुकीचा आणि ग्रीन कार्डाचा असे दोन्ही अर्ज एकदम भरता येतात. त्यांची गादी, झाडू, पियानो सगळं आधीच घेऊन झालेलं. "यांचा नवा घरखर्च किती धरू?" असं विचारलं की साहेब कॉफी आणायला उठायचे. माझ्या मते उत्तर शून्याच्या आसपास आहे. उलट काही महिने घरखर्चाला कात्रीच लागते, कारण आठ लाख डॉलर प्रकल्पात अडकलेले असतात आणि वर वकिलाचं बिल येतं.

ईबी-५ ची वाट धरणाऱ्या विद्यार्थ्यांचं आणखी मजेशीर. आईवडील भारतातला फ्लॅट विकतात, मुलाच्या नावे बक्षीसपत्र करतात, रिझर्व्ह बँकेच्या माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत पैसा हप्त्याहप्त्याने जातो. मुलाला कार्ड मिळालं आणि राज्यातल्या रहिवासाची अट पुरी झाली, की सरकारी विद्यापीठातली परदेशी विद्यार्थ्याची चढी फी संपते. म्हणजे अमेरिकेत त्याचा खर्च वाढण्याऐवजी घटतो! हा उणे आकडा कुठल्या चकचकीत अहवालात मला तरी दिसलेला नाही.

काकूंसारखी, कोऱ्या पाटीने आलेली कुटुंबं मात्र खरोखर नवा पैसा आणतात. पहिल्या वर्षी हात आखडता, मग शाळा, विमा, दुसरी गाडी, हिवाळ्याचे कोट. त्यांच्या खर्चाला मल्टिप्लायर लावायला माझी काहीच हरकत नाही.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या एखाद्या हॉटेलात चहा-सँडविच देऊन कोणी 'तुमचं कुटुंब अमेरिकेत रोजगार निर्माण करेल' अशी स्लाइड दाखवली, तर भारावून जाऊ नका. तुमच्या घरखर्चाचा एक डॉलरही त्या १० नोकऱ्यांत धरला जात नाही. प्रकल्पाचा अर्थतज्ज्ञाने केलेला मूळ अहवाल मागा, बांधकामाचा खर्च कुठून येणार ते वाचा, आणि दहाच्या वर किती नोकऱ्या शिल्लक राहतात ते बघूनच सही करा.