बादलीभर पाणी आणि रांगते मूल

पाण्याचा धोका म्हटला की डोळ्यांपुढे विहीर वा नदी येते. वर्ष-दीड वर्षाच्या बालकाला मात्र न्हाणीघरातील अर्धी भरलेली बादलीही तितकीच घातक ठरते. या वयात शरीराच्या मानाने डोके जड असते. बादलीत डोकावताना तोल गेला की मूल डोक्याकडून आत पडते. हातांत बळ नसल्याने त्याला वर येता येत नाही आणि पाण्याने जड झालेली बादलीही कलंडत नाही. रडण्याचा आवाजही होत नसल्याने शेजारच्या खोलीतील आईला चाहूल लागत नाही.

वापरानंतर बादली पालथी घालावी, हे सांगणे सोपे. पण जेथे नळाला दिवसाआड पाणी येते, तेथे साठवलेले पाणी कोण ओतून देईल? अशा घरी पिंपावर मुलाला सरकवता येणार नाही असे घट्ट झाकण आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, उंचावर कडी हवी. थोरली बहीण लक्ष ठेवील, यावर विसंबू नये. बहुधा तीही लहानच असते.

मूल बुडालेच, तर त्याला उलटे धरण्यात वा पोट दाबण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असल्यास तत्काळ तोंडाने श्वास देणे व छाती दाबणे सुरू करावे. दुसऱ्या कोणी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.