अवकल समीकरणे : बदलाचे गणित

राशी आणि तिच्या बदलाचा दर यांना जोडते ते अवकल समीकरण.

• सामान्य : एकच स्वतंत्र चल, बहुधा काळ. किरणोत्सारी ऱ्हासाचा दर उरलेल्या अणूंच्या प्रमाणात असतो; कार्बन-14चे अर्धायुष्य सुमारे 5,730 वर्षे.

• आंशिक : एकाहून अधिक स्वतंत्र चल, उदा. स्थळ आणि काळ. तारेची कंपने (दालाँबेर, 1747), उष्णतेचे वहन (फूरिए, 1822).

• समीकरण एक, प्रणाली दोन : स्प्रिंगला टांगलेले वजन आणि कॉइल-कपॅसिटरचे विद्युत मंडल. वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, घर्षणाच्या जागी रोध, स्थानाच्या जागी विद्युतभार. म्हणूनच पूर्वीचे अ‍ॅनालॉग संगणक यांत्रिक हालचालींची गणिते विद्युत मंडलांवर सोडवू शकत.

• समीकरण फक्त नियम सांगते. नेमक्या उत्तरासाठी सुरुवातीची किंवा सीमेवरची स्थितीही लागते.