प्रथमग्रासे मक्षिकापात... आणि त्यानंतर?

एखाद्या कामाच्या सुरुवातीलाच माशी शिंकली की आपण पटकन 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' म्हणतो. पहिल्याच घासात माशी! पण घासात खरंच माशी, खडा नाहीतर तार निघाली तर पुढं काय करायचं, ते हे वचन सांगत नाही. बहुतेक जण काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. 'शी!' म्हणायचं, एक फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, पुडा कचऱ्यात फेकायचा आणि विसरून जायचं. कुणी तक्रार कर म्हटलं की उत्तर ठरलेलं: "वीस रुपयांच्या पुड्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?"

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्या धारवाडातच मिळालं आहे. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी इथल्या एका महिलेनं झोमॅटोवरून मोमो मागवले. किंमत १३३ रुपये २५ पैसे. पैसे गेले, 'ऑर्डर पोचली' असा संदेश आला, मोमो मात्र आलेच नाहीत. तिनं विचारणा केली तेव्हा ७२ तास थांबायला सांगितलं, आणि त्यानंतर उत्तरच नाही. सप्टेंबरात तिनं कायदेशीर नोटीस पाठवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडं तक्रार केली. ३ जुलै २०२४ रोजी आयोगानं निकाल दिला: मनस्तापाबद्दल ५० हजार आणि खर्चापोटी १० हजार रुपये द्या. या प्रकरणात अन्नात काही सापडलं नव्हतं, अन्नच आलं नव्हतं. पण आपल्यासाठी धडा तोच. रक्कम लहान म्हणून तक्रार लहान ठरत नाही. आणि ती टिकली, कारण तिच्याकडं पैसे भरल्याची नोंद होती, तारखा होत्या, आणि प्रत्येक पायरी लेखी होती.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, रागाच्या आधी नोंद. ती कशी करायची ते क्रमानं बघू.

आधी पुरावा सांभाळा

सापडलेली वस्तू काढून टाकू नका, धुऊ नका. आहे त्याच जागी तिचा फोटो काढा, मग पुड्याचा काढा. पुड्यावरचा बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, कंपनीचा पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे. नंतर उरलेलं अन्न, ती वस्तू आणि वेष्टन एका स्वच्छ पिशवीत घालून बंद करा. नासणारा पदार्थ असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. हॉस्टेलवर फ्रिज नसेल तर कुणाच्या तरी घरी ठेवायला द्या. तोंडाला इजा झाली, पोटात काही गेलं, तर सगळ्यात आधी डॉक्टर. त्यांची चिठ्ठी आणि औषधांची बिलं जपून ठेवा.

जून २०२४ मध्ये मुंबईत मालाडला एका डॉक्टरांनी ऑनलाइन मागवलेल्या आइस्क्रीमच्या कोनात बोटाचा तुकडा निघाला. त्यांनी तो बर्फात ठेवला आणि पोलिसांकडं नेला. त्यामुळंच डीएनए तपासणी होऊ शकली आणि तो तुकडा पुणे जिल्ह्यात इंदापूरच्या कारखान्यातल्या कामगाराच्या बोटाचा असल्याचं सिद्ध झालं. तो कोन किळस येऊन फेकून दिला असता, तर उरली असती फक्त एक गोष्ट, आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

अविश्वासालाही कारणं असतात. जून १९९३ मध्ये अमेरिकेत पेप्सीच्या डब्यांत इंजेक्शनची सिरिंज सापडल्याच्या तक्रारींची लाट आली. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात तर एक बाई स्वतःच डब्यात सिरिंज घालताना दिसली! खोट्या तक्रारी करणाऱ्या अनेकांना अटक झाली. दुकानदार आपल्याकडं संशयानं बघतो तेव्हा हेही लक्षात घ्यावं. नीट ठेवलेला पुरावा त्याचा संशय घालवतो.

दुकानदाराशी बोलताना

आपल्या जुळ्या शहरांत दुकानदार बहुतेक ओळखीचाच असतो, महिन्याचं खातंही असतं. म्हणून एक तर आपण गप्प बसतो, नाहीतर भांडतो. दोन्हीची गरज नाही. सरळ सांगावं: "अण्णा, काल संध्याकाळी हा शेवेचा पुडा तुमच्याकडून नेला. उघडल्यावर आत ही तार निघाली. हे बिल. बॅच नंबर लिहून घ्या, कंपनीच्या माणसाला कळवा, आणि या नंबरचे बाकीचे पुडे तेवढे बाजूला ठेवा."

अण्णा म्हणतील, "असू दे हो, दुसरा पुडा घेऊन जावा!" दुसरा पुडा किंवा पैसे खुशाल घ्या, पण पहिला पुडा परत देऊ नका. तो गेला की तक्रार गेली. कंपनीचा माणूस घरी आला तर त्याला फोटो काढू द्या. नमुना मागितलाच तर थोडा भाग द्या आणि त्याची पोच लिहून घ्या.

त्याच दिवशी चार ओळी लेखी पाठवा. ईमेल, व्हॉट्सॲप काहीही चालेल. मजकूर साधा असावा:

"दि. ... रोजी आपल्या दुकानातून (बिल क्र. ...) ... हा पुडा ... रुपयांना घेतला. बॅच क्र. ... दि. ... रोजी उघडला असता आत ... सापडली. फोटो सोबत जोडले आहेत. मूळ पुडा व वस्तू माझ्याकडे सुरक्षित आहेत. रक्कम परत करावी, उत्पादकाला कळवावे आणि काय कारवाई केली ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे."

यात 'फसवणूक', 'विषप्रयोग' असे शब्द नकोत. जे दिसलं तेवढंच लिहावं.

दोन वेगळी दारं

उत्तर आलं नाही तर पुढं दोन वाटा आहेत, आणि त्यांची गल्लत होते.

पहिली वाट अन्न सुरक्षा खात्याची. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५४ प्रमाणे बाह्य पदार्थ असलेलं अन्न बनवणाऱ्याला, साठवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडं किंवा एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार करता येते. हा दंड सरकारजमा होतो, तुमच्या हाती काही येत नाही. पण अधिकारी दुकानात, कारखान्यात जाऊन नमुने घेऊ शकतो. ते तुम्हा-आम्हाला शक्य नाही.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. भरपाई मिळते ती इथं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघावा. मराठीतून आणि कन्नडमधूनही बोलता येतं. तिथं मिटलं नाही तर धारवाडचा जिल्हा आयोग आहेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मग कंपनी मुंबईची असो की दिल्लीची. मुदत दोन वर्षं. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. तपासणी केल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग तुमच्याकडून नमुना घेऊन, सील करून प्रयोगशाळेत पाठवतो. पिशवी बंद करून ठेवायची ती यासाठी.

चूक कुणाची?

प्रत्येक वेळी दोष दुकानदाराचाच असतो असं नाही. सीलबंद पुड्यातली तार त्यानं घातलेली नसते. कायदाही हा फरक करतो. उत्पादनातल्या दोषाची जबाबदारी मुख्यतः उत्पादकावर असते. पण मालात विक्रेत्यानं स्वतः बदल केला असेल, तो तपासण्यात किंवा ठेवण्यात वाजवी काळजी घेतली नसेल, किंवा उत्पादक कोण तेच कळत नसेल, तर विक्रेताही जबाबदार धरला जातो. सुट्या मालाचं बिल मागून घ्यावं ते म्हणूनच.

ऑक्टोबर २००३ मध्ये महाराष्ट्रात कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या तेव्हा हाच वाद झाला. कंपनी म्हणाली, दुकानांतली साठवण नीट नाही. अन्न व औषध प्रशासनानं वेष्टनाकडं बोट दाखवलं. अखेर जानेवारी २००४ मध्ये कंपनीनं जास्त घट्ट सील केलेलं नवं वेष्टन आणलं. तक्रारी मोजक्या होत्या, पण वेष्टन सगळ्यांसाठी बदललं.

पेस्लीची गोगलगाय

या सगळ्या कायद्याच्या मुळाशी एक गोगलगाय आहे. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडच्या पेस्ली गावात मे डोनोह्यू नावाची बाई एका कॅफेत बसली होती. मैत्रिणीनं तिच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. अर्धी पिऊन झाल्यावर बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली आणि बाई आजारी पडली, अशी तिची तक्रार होती. अडचण अशी की पैसे मैत्रिणीनं दिलेले. कॅफेवाल्याशी हिचा करार नाही आणि बाटली भरणाऱ्या कंपनीशी तर नाहीच. मग दाद कुणाकडं मागायची?

२६ मे १९३२ रोजी लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानं सांगितलं की उत्पादकाला ग्राहकाची काळजी घ्यावीच लागेल. लॉर्ड ॲटकिन यांनी त्यासाठी 'शेजारी' या शब्दाचा आधार घेतला. शेजाऱ्यावर प्रेम करा ही धर्माची आज्ञा. कायद्यात तिचा अर्थ एवढाच की शेजाऱ्याला इजा होईल असं वागू नका. आणि आपल्या वागण्याची झळ ज्याला लागू शकते तो प्रत्येक जण आपला शेजारी, मग त्याचं तोंडही आपण पाहिलेलं नसो. चांगल्या शोमरोन्याचा दाखला ऐकत वाढलेल्यांना हा विचार ओळखीचा वाटेल.

हे शेजारपण आपल्यालाही लागू आहे. त्याच बॅचचा पुढचा पुडा कुणीतरी घेणारच. कदाचित शाळेतलं एखादं पोर, जे खाताना आत बघतही नाही. आपले वीस रुपये बुडाले तर बुडाले. पण आपण बॅच नंबर कळवला तर तो पुडा फळीवरून खाली उतरू शकतो. त्यासाठी दहा मिनिटं लागतात, आणि बिल टाकून न देण्याची सवय.