वाक्प्रचारांच्या मुळाशी : झुडूप झोडणारे

तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा म्हणजे नागझिरा अभयारण्याचं एक प्रवेशद्वार. इथल्या माणसाला 'बीट' हा शब्द कुणी समजावून सांगावा लागत नाही. वनरक्षकाच्या राखणीतलं जंगल म्हणजे त्याचं बीट. रोज तुडवायची गस्तीची वाट, असा त्याचा मूळ अर्थ. ज्या इंग्रजी क्रियापदावरून तो आला, त्याचा दुसरा अर्थ झोडपणं, आणि आजचा वाक्प्रचार तिथूनच निघालेला आहे : 'बीट अबाउट द बुश'.

मुद्द्याला हात न घालता आढेवेढे घेणं, हा त्याचा अर्थ शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. पण बोलण्यात हे झुडूप शिरलं कुठून? मध्ययुगीन इंग्लंडात पाखरांच्या शिकारीला दोन तऱ्हेची माणसं लागत. काही काठ्यांनी झुडपं झोडून पाखरं उठवत, काही ती धरत. १४४०च्या सुमाराच्या 'जेनेरायडीज' या काव्यात दोघांचाही उल्लेख सापडतो. एकानं झुडूप झोडायचं आणि पाखरं दुसऱ्यानं न्यायची, अशी म्हणच तेव्हा रूढ होती. म्हणजे आधी त्यात तक्रार होती ती कष्टाचं फळ हिरावलं गेल्याची. नुसतंच झुडपाभोवती फिरणाऱ्याला बोल लावण्याचा अर्थ मागाहून आला.

हा बोल मला अन्यायाचा वाटतो. आपल्याकडचा हाका आठवून पाहा. मध्य प्रांतातल्या जंगलांत साहेबाच्या वाघासाठी हाका घालत ती आसपासच्या गावांतली माणसं. हंगाम उन्हाळ्याचा, कारण पाणी आटलं की वाघ उरल्यासुरल्या पाणवठ्याजवळच्या गर्द सावलीला पडून राहतो. एका बाजूनं हाकेवाल्यांची रांग डबे, ढोल वाजवत पुढे सरकायची. दोन्ही अंगांना झाडांवर माणसं बसवलेली असत. वाघ त्यांच्याकडे वळला, तर बुंध्यावर हलकेच टकटक करायची, तेवढीच. जोरात आरोळी ठोकली, की बिथरलेला वाघ उलटा फिरून थेट रांगेवर यायचा, आणि रांगेतल्या माणसाच्या हातात फार तर काठी किंवा कुऱ्हाड. बंदूक होती ती मचाणावर. इथे जनावराच्या अंगावर न जाता लांबून फिरणं हेच कसब होतं, आणि जिवाची जोखीमही त्यांचीच. कातडं मात्र साहेबाच्या दिवाणखान्यात.

१९७० साली नागझिरा अभयारण्य झालं, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला चाप लावला आणि हाका थांबला. मराठीतलं 'रान उठवणं' याच कामातून आलं असावं, असं मला वाटतं. अमक्या प्रश्नावर रान उठवलं, असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात टाळाटाळीची छटाही नसते. उठवणाऱ्यानं काहीतरी केलं, हे आपली भाषा मान्य करते.