डीएनए पुरावा : मुद्देमाल कोठीपासून न्यायालयापर्यंत

जून २००३ मध्ये नाशिकजवळील एका वस्तीवर दरोडा पडून पाच जणांची हत्या झाली. या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली व २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांसाठी तीच शिक्षा योग्य ठरविली. पुढे प्रकरण पुन्हा ऐकले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष मुक्त करून प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. घटनेतून बचावलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चार इसमांना ओळखले होते. त्या दिशेने तपास झाला नव्हता. गुन्ह्याशी आरोपींचे नाते जोडणारा वैज्ञानिक पुरावाही नव्हता. अशा पुराव्याचे अस्तित्व जितके बोलके, तितकाच त्याचा अभावही बोलका असतो, पण त्याकडे लक्ष जाण्यास येथे सोळा वर्षे लागली.

डीएनए चाचणीचा आरंभच मुळी एका निरपराधाच्या सुटकेने झाला. इंग्लंडमधील लीस्टर विद्यापीठाचे ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये ही पद्धत शोधली. तिचा गुन्हे तपासात प्रथम उपयोग झाला, तेव्हा कबुली देऊन बसलेला तरुण गुन्हेगार नव्हे, हे सिद्ध झाले.

सर्व मानवांच्या डीएनएचा फार मोठा भाग समान असतो. काही ठरावीक ठिकाणी मात्र लहान लहान तुकड्यांची पुनरावृत्ती होते व तिची संख्या व्यक्तिपरत्वे बदलते. अशी वीसएक ठिकाणे तपासून सर्व आकडे जुळले, तर तो योगायोग असण्याची शक्यता नगण्य ठरते. पुरुषांकडेच असणाऱ्या वाय गुणसूत्राच्या चाचणीची गोष्ट निराळी. ते पित्याकडून पुत्राकडे बहुधा जसेच्या तसे जाते. एकाच भावकीच्या गावात असा अहवाल एका माणसाकडे नव्हे, तर अनेक चुलतभावांकडे बोट दाखवू शकतो.

तथापि प्रयोगशाळेतील यंत्रापेक्षा नमुन्याचा तेथवरचा प्रवास अधिक नाजूक असतो. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बंद केल्यास तो कुजतो व डीएनए नष्ट होते. म्हणून तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा लागतो. जर्मनीत तर अनेक गुन्ह्यांच्या स्थळी एकाच अज्ञात स्त्रीचे डीएनए सापडत होते व पोलीस तिच्या मागावर होते. ते नमुने घेण्याचे कापूस-बोळे तयार करणाऱ्या कामगार महिलेचे असल्याचे २००९ मध्ये उघड झाले.

आपल्याकडेही ठाणे जिल्ह्यातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये फाशीची शिक्षा रद्द केली. नमुने पाठविण्यातील विलंबाचा खुलासा झाला नव्हता व ते दूषित झाल्याची शक्यता नाकारता येत नव्हती. डीएनए अहवाल हा तज्ज्ञाचा अभिप्राय असून त्याचे मोल प्रकरणागणिक ठरते, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय जुळणारा नमुना कोणाचा, एवढेच अहवाल सांगतो. तो तेथे केव्हा व कसा आला, हे सांगत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. त्यानुसार नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत तो प्रयोगशाळेत पोहोचवावयाचा आहे. तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याची नोंदवहीही ठेवावयाची आहे. नाशिक येथे प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. परंतु सुरगाणा किंवा पेठसारख्या दुर्गम तालुक्यात पावसाळ्याच्या रात्री गुन्हा घडल्यास तेथील ठाणे अंमलदाराला हे ४८ तास अपुरे भासतील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली असून ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे.